राकेशच्या गाडीचा टर्बो

ही कुठून तरी ऐकलेली गोष्ट नाही. आमच्या पंढरीमामासोबत घडलेली आहे. आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नाही, त्याच्या तोंडून दोन शब्द काढायचे तर चहा पाजावा लागतो. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, माझं काही जात नाही.

साल २००७. दिवाळी नुकतीच उलटली होती. भिवंडीतलं टेमघर.

वेळ दिवेलागणीची. रात्रीची नाही. असलं काही रात्रीच होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मामाचं गॅरेज नारपोलीला. चारी बाजूंनी कापडाचे लूम धडधडत असतात, म्हणून तिथे साधं बोलणंसुद्धा ओरडून होतं. मामा ट्रक-टेम्पोचे टर्बो दुरुस्त करायचा. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी पळते.

त्या दिवशी टेमघरचे केसरीनाथ शेठ टोचन लावून एक गाडी घेऊन आले. लाल, दोन दरवाजांची, जुनी जपानी स्पोर्ट्स कार.

गाडी त्यांच्या राकेशची. जमीन गोडाऊनला विकली तेव्हा हौसेने घेतलेली. लग्न ठरलेला पोरगा, आणि श्रावणात कावीळ होऊन गेला.

"पंढरी, हिची शिट्टी बंद कर," शेठ म्हणाले.

मामाला ती शिट्टी माहीत होती. टर्बो झिजला की तसा आवाज येतो, बारीक, चढत जाणारा. त्याने राकेशला किती वेळा सांगितलं होतं, टर्बो गेलाय, बदलून घे. राकेश म्हणायचा, राहू दे. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आईला कळतं, ती गेट उघडून उभी राहते.

"विकून टाका ना, शेठ."

"विकली तर तुजी हौसाकाकी जीव देल." शेठ खाली बसले. "गाडी शेडमंदी बंद हाय. चावी माज्या खिशात. तरी रोज सांजच्याला..."

"काय?"

"शिट्टी येते. गल्लीतून गेटपर्यंत."

मामाने हातातला पाना खाली ठेवला.

"हौसा हातातला टाकून गेट उघडते. उभी ऱ्हाते. मंग ताट वाढते. दिवसभर कोनाशी बोलत न्हाय, जेवत न्हाय, फकस्त सांज व्हायची वाट बगते. पोऱ्या तर गेलाच. आता बायको पन चाललीय माजी. ती शिट्टीच मोडली तर वाट बगायची सोडल ती."

मामा म्हणतो, अंगावर काटाबिटा काही आला नाही. रोज गॅरेजवर येऊन बसणारा राकेश गेल्यापासून त्याच्या आत सगळं बधिर होतं. त्याने मान हलवली आणि पाना उचलला.

हवेचा पाईप काढला तर आत ऑईल. पंख्याला बोट लावलं तर शाफ्ट चांगलाच हलत होता. पाती कडेने घासून बोथट झालेली. ऑईलची नळी काजळीने चोंदली होती, म्हणून शाफ्टला ऑईल मिळत नव्हतं. तीच नळी ठेवली तर नवा टर्बोही महिन्याभरात जाणार. मामाने नळी बदलायला काढली, टर्बो उतरवला, खोलून टेबलावर ठेवला.

संध्याकाळ झाली. शेठचा फोन आला.

"गाडी कोनाला चालवाया दिलीस?"

"कोणाला नाही, शेठ. टर्बो खोलून ठेवलाय. माझ्यासमोर आहे."



आणि मग फोनमधून...

शिट्टी. बारीक. चढत जाणारी.

मामाने टेबलाकडे बघितलं. टर्बो तिथेच, तुकडे-तुकडे. त्याने पंख्यावर हात ठेवला.

थंड होता. हलत नव्हता.

फोनमध्ये गेटची कडी वाजली. मग हौसाकाकीचा आवाज...

"ये रं बाला."

मामाने फोन ठेवला आणि हात धुतले. दुसरं काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला जाऊन त्याने मोठा टर्बो आणला, बॉल बेअरिंगचा, जुन्यापेक्षा दमदार. नवी नळी, नवं ऑईल. हवा वाढली म्हणून पेट्रोल वाढवलं. बायपासला पुन्हा पुन्हा चालवून बघितली. आता शिट्टीचं नाव नव्हतं. एक खोल, घुमणारा आवाज यायचा आणि रेसवरून पाय उचलला की पारवा फडफडावा तसं व्हायचं. असा आवाज अख्ख्या भिवंडीत दुसऱ्या गाडीला नव्हता. मामानेच तो बसवला होता.

गाडी तो स्वतः टेमघरला घेऊन गेला. गल्लीत रेस न देता अगदी हळू घेतली, म्हणून तो आवाज तिथे निघालाच नाही. दिवस कलला होता. अंगणात लावली, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली. शेठनी गेट लावून घेतलं.

हौसाकाकी ओट्यावर सुकट निवडत होती. तिने गाडीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

चहा आला. दिवा लागला. शेठ आणि मामा गेटकडे कान लावून बसले.

शिट्टी आली नाही.

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुटलो रं पंढरी," ते हळूच म्हणाले.

आणि तेवढ्यात...

गल्लीच्या तोंडाशी एक आवाज आला. खोल. घुमणारा.

मामाच्या हातातला कप तसाच राहिला.

आवाज जवळ आला. गेटपाशी आला. पाय उचलल्यासारखा...

पारवा फडफडला.

मामासमोर गाडी उभी होती. बंद. चावी त्याच्या खिशात होती.

गेटबाहेर इंजिन सावकाश चालू होतं. कोणी गेट उघडायची वाट बघत थांबावं, तसं.

"कोनाची गाडी हाय?" काकीने विचारलं.

"असल कोनतरी. रस्ता चुकला असल," शेठ म्हणाले. त्यांना नवा आवाज ओळखू येणार तरी कसा?

"परका दिसतो," काकी म्हणाली आणि सुकट निवडू लागली.

त्या अंगणात एकट्या मामाला माहीत होतं, बाहेर कोण आहे.

त्याने तोंड उघडलं. काय सांगणार होता? उठ काकी, तुझाच आहे, असं?

गेटची कडी बाहेरून एकदा हलली.

मग आवाज मागे सरकला. वळला. गल्लीतून खाडीच्या अंगाला गेला आणि विरला.

त्यानंतर काही आलं नाही. ती शिट्टीही नाही, हा आवाजही नाही.

पुढे एका दुपारी हौसाकाकी रिक्षा करून एकटीच नारपोलीला आली. लूमच्या त्या गोंगाटात ती ओरडली नाही. मामाच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"पंढरी, तू गाडी घेऊन आलास, त्या सांजच्याला गेटवर कोन थांबला होता?"

मामा म्हणाला, "मला नाही माहीत, काकी."

तिने बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"बरं," म्हणाली आणि गेली.

घरी जाऊन तिने शेठला गेट काढायला लावलं. बिजागऱ्यांसकट. शेठनी कारण विचारलं तर म्हणाली, आता कनचाही आवाज असू दे, कोनाला थांबाया नको.

त्या घराला आजही गेट नाही. टेमघरला जाऊन बघा. काकी संध्याकाळी ओट्यावर असते. टेम्पो येवो, सिलिंडरवाला येवो, ती उठून उभी राहते.

मामा त्या बाजूला जातो तेव्हा गाडीच्या काचा वर करून घेतो. तो आवाज पुन्हा ऐकू आला तर काकीला सांगायचं की नाही, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.