मागच्या सालची डायरी

खोटं बोलायचं शामच्या मनात नव्हतं. पिकलं बोर झाडावरून पडावं, तसं ते आपोआप तोंडातून पडलं.

झालं असं, की जानेवारी नुकताच लागला होता आणि शाम राठोड दारव्ह्याच्या एका स्टेशनरीच्या दुकानात डायरी घ्यायला गेला होता. लिहायला नव्हे. शामचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. लिहिण्याशी त्याचा संबंध पावतीवर 'कॉईल बदलली' एवढाच. डायरी हवी होती त्याच्या आईला. सुखीबाईला भरतकामाचं वेड, आणि डायरीचा जाड पुठ्ठा कापून ती मोर-पोपटांचे साचे करायची. "दुसरा पुठ्ठा आनू नोको, तो वाकते," असं तिनं निघताना बजावलं होतं.

फळीवर एकच डायरी उरली होती. शामनं तिच्यावर हात ठेवला आणि त्याच क्षणी पलीकडून दुसरा हात आला. बारीक मनगट, काळ्या पट्ट्याचं घड्याळ, बोटाच्या पेरावर निळ्या शाईचा डाग. शामनं मान वर केली...

"मले पाह्यजे ती," मुलगी म्हणाली. "मी रोज लिहिते."

"मी बी," शाम म्हणाला.

"काय?"

"मी बी — रोज लिहितो."

हेच ते बोर.

"कधीपासून?"

"झाले ना... तीन-चार साल."

ती हसली. तिचा एक दात शेजारच्या दाताच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. शामला वाटलं, इतका झकास दात आपण आजवर पाहिला नाही.

"मंग तुमीच घ्या," तिनं हात काढून घेतला. "लिहिणारा पोट्टा मी पह्यल्यांदाच पाहून राह्यली. रविवारी वाचनालयात आमचा डायरी-कट्टा असतो. प्रत्येकानं आपल्या जुन्या डायरीतलं एक पान वाचायचं. तुमची मागच्या सालची घेऊन येता?"

"येतो ना!" शाम म्हणाला. आता बोरांचा सडाच पडत होता. "नाव काय तुमचं?"

"मैत्रेयी," ती म्हणाली, आणि दुकानाबाहेरच्या गर्दीत शिरली.

फुलसिंगनाईक या आपल्या बंजारा तांड्यावर शाम पोचला तेव्हा त्याचे वडील, हरिसिंग, ओसरीत पेटी वाजवत होते. पेटीची एक पट्टी मुकी होती, त्यामुळे प्रत्येक भजनाला मधूनच ठेच लागायची. धाकटी बहीण संगीता मोबाईलवर मांजराचे फोटो काढत होती. शामनं सगळं सांगितलं.

"पोरगी कशी हाय?" सुखीबाईनं आधी ते विचारलं.

"याडी, प्रश्न डायरीचा हाय!"

"डायरी तं हाय," संगीता म्हणाली. "बियाण्याच्या दुकानातून बापूले मागच्या साली फुकट भेटलेली. कोरीच्या कोरी. पलंगाखाली पडली असंन."

सापडली. फक्त मार्च महिन्याच्या पानांना मोराच्या आकाराचं भोक होतं. पुठ्ठा मिळेना म्हणून सुखीबाईनं पंधरा-वीस पानं एकत्र धरून कात्री चालवली होती.

"मार्चात काही झालंच नाही म्हनून सांग," ती म्हणाली.

मग रोज संध्याकाळी जेवणं झाली, की राठोडांच्या घरात मागचं साल तयार होऊ लागलं. शाम लिहायला, बाकीचे सांगायला. आणि तिथं एक गंमत झाली. हरिसिंगना सगळं साल भजनांवरून आठवत होतं: लाडखेडला भजन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गारा पडल्या, अमक्याच्या तेराव्याला गळा बसला. सुखीबाईला टाक्यांवरून: "तुह्या मावशीचं भांडन झालं तवा माह्या हातात हिरवी चोळी होती. आरसे लावाचे राह्यले होते." संगीताच्या मोबाईलमध्ये तर तारीखवार पुरावा. मग वाद व्हायचे.

"गारा मार्चात पडल्या!"

"मार्चात मोर हाय बापू, एप्रिलात घ्या."

"अरे, गारा अशा महिना सोडून कशा पडतीन?"

"याले डायरी म्हनते का पंचायत?" सुखीबाई हसत सुटायची.

शाम लिहीत होता. कधी निळा पेन, कधी काळा, मध्येच शिसपेन. तीही संगीताचीच अक्कल. पण लिहिता लिहिता तो एकदम थांबला. ह्या सगळ्यांकडे आपापलं साल होतं. आपलं कुठंय? दुकान, कॅरम, मोबाईल, झोप. आपण कुणाशी काय बोललो, कशावर हसलो... काहीच आठवेना. मग आपल्या वाट्याच्या रिकाम्या जागेत त्यानं भर घातली. 'आज पाचला उठलो.' 'आज म्हातारीला रस्ता ओलांडून दिला.' दारव्ह्यातली एकही म्हातारी मग त्यानं रस्त्याच्या अलीकडे सोडली नाही.

रविवारी वाचनालयात टेबलाभोवती पाच माणसं होती. मध्ये मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. निवृत्त शिक्षक पंजाबराव कट्ट्याचे प्रमुख. त्यांनी आपलं पान वाचलं, त्यात फक्त गुडघा होता. मग मैत्रेयी शामकडे वळली. शेंग सोलता सोलता तिनं विचारलं,

"तुमी राहता कुठं?"

"फुलसिंगनाईक तांडा."

तिचा हात थांबला. "असं? मंग... जूनच्या वीस तारखेचं पान वाचा ना."

शाम खूश झाला. जूनचं पान त्याचं आवडतं होतं. सुखीबाईनं हसून हसून सांगितलं होतं आणि त्यानं त्यात स्वतःचा मसाला टाकला होता. त्यानं घसा साफ केला.

"'आज तांड्यावर बकऱ्याइले लस टोचायले एक डॉक्टरीण आली. आमच्या बोकडानं तिले अशी धडक देल्ली, का ते सरळ उकिरड्यात जाऊन बसली. सारा तांडा हसून राह्यला होता. मी मात्र धावत गेलो. तिले हात देऊन उठवलं. ते म्हणाली, तुमच्यासारखा देवमाणूस—'"

शामनं वर पाहिलं. कुणी हसत नव्हतं. पंजाबराव शेंगा मोजल्यासारखे शेंगांकडे पाहत होते.

"ते मीच होती," मैत्रेयी म्हणाली. "मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीले हाय. आन् मले उठवायले कोणता पोरगा आला नव्हता. एक बाई आली होती. तिनं माही ओढणी धुऊन देल्ली, चहा पाजला. तुमी तठी नव्हतेच."

"मी..." शामचा आवाज पंख्याच्या जळक्या कॉईलसारखा बसला. "मी कॅरम खेळाले गेलतो."

आता मात्र पंजाबरावांना हसू आवरेना. ते हसले, तसे सगळे हसले. मैत्रेयी तेवढी हसली नाही. तिनं पिशवी उचलली आणि बाहेर पडली.

शाम मागे धावला. वाचनालयाच्या पायरीवर त्यानं तिला गाठलं.

"चुकलं माहं. खरंच चुकलं. पन तुमी त्या दिवशी समोर आल्या, आन्..."

"आन् काय?"

"आन् खोटं निंघून गेलं."

समोरून कापसाची गाडी गेली; हवेत पांढरे धागे तरंगत राहिले.

"मी काहून लिहिते माहीत हाय?" ती म्हणाली. "बाबा गेले त्या सकाळी माह्याशी काहीतरी बोलले होते. मी कॉलेजात जायच्या घाईत होती. हो हो म्हणून निंघून गेली. ते काय बोलले, ते मले आजपर्यंत आठवलं नाही. त्या दिवसापासून लिहिते. तुमाले दिवस फुकटात भेटतात, तं तुमी ते बसून बनवता!"

ती गेली. शाम पायरीवर बसला. टेबलावर राहिलेली डायरी चाळत पंजाबराव बाहेर आले, गुडघा धरून त्याच्या शेजारी टेकले आणि म्हणाले, "बेटा, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून देतोस म्हणे. मला घरापर्यंत सोड."

त्या आठवड्यात राठोडांच्या घरी वेगळंच सुरू झालं. शामनं नवी डायरी उघडली. पुठ्ठ्यासाठी टपून बसलेल्या आईला त्यानं हात जोडले. "साल संपलं का पुठ्ठा तुहा." पहिल्या दिवशी त्याला एकच ओळ सुचली: 'आज काही झालं नाही.' ती वाचून हरिसिंग भडकले.

"काही झालं नाही कसं? मी दोन घंटे पेटी वाजवली, ते काय हाय?"

"बापू, ते तं रोजच वाजवता."

"मंग रोज लिह्य!"

म्हणून शाम दुसऱ्या दिवशी वडिलांसमोर बसून नीट ऐकू लागला. आणि तिसऱ्या दिवशी आईकडे नीट पाहू लागला...

पुढच्या रविवारी तो वाचनालयाच्या दारातच घुटमळत होता. पंजाबरावांनी आतून हाक मारली, "देवमाणूस, आत ये!" मैत्रेयी टेबलाच्या त्या टोकाला बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

शामनं उभ्या उभ्याच वाचलं.

"'बुधवार. आज याडीनं सुई माह्यासमोर धरली आन् म्हणाली, ओवून दे. मी ओवली. मंग समजलं, तिले सुईचं भोक दिसत नाही. केव्हापासून दिसत नाही, विचारलं. म्हणाली, झालं साल. मी एकाच घरात राहून मले माहीत नव्हतं. तिले डोळ्याच्या डॉक्टरकडे नेतो म्हटलं, तं म्हणाली, आधी चोळी होऊ दे.

"'गुरुवार. साऱ्या गावाचे पंखे दुरुस्त करतो, बापूच्या पेटीची मुकी पट्टी तशीच होती. आज केली. बापूंनी ते पट्टी इतक्या वेळा वाजवली, का संगीता शेजारी पळून गेली. एका पोरीशी खोटं बोललो, त्याचं वाईट वाटून राह्यलं. माफी मागतली. तिनं देल्ली नाही. बरोबर केलं तिनं.'"

शामनं डायरी मिटली. मग मैत्रेयी हळूच म्हणाली, "बापू कोणतं भजन वाजवत होते?"

"सारेच. पट्टीसाठी."

आणि ती हसली. तो दात पुन्हा शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. शामचे कान तापले.

"ओढणी धुणारी बाई तुमची आई?"

"हो."

"मले भेटाचं हाय तिले. चहा बाकी हाय माह्याकडून."

ती खरोखरच आली, सोमवारी संध्याकाळी, दवाखाना सुटल्यावर. शेजारपाजारच्या तीन ओसऱ्यांवरून डोळे लागले. हरिसिंगनी दुरुस्त पेटीवर इतकं लांब भजन लावलं, की चहा दोनदा गरम करावा लागला. संगीतानं पाहुणीचे फोटो काढून घेतले. सुखीबाई मैत्रेयीला जवळ बसवून टाके दाखवत होती.

"आमची बोली नाही येत तुले," ती मध्येच म्हणाली.

"शिकवा ना. भाकरीले काय म्हनता?"

"बाटी."

"आन् आईले?"

"याडी."

मैत्रेयीनं तो शब्द दोनदा हळू म्हणून पाहिला. सुखीबाईनं सुई खाली ठेवली. मैत्रेयीच्या डोक्यावरून हात फिरवला.

मैत्रेयी निघाली तेव्हा दाराशी सुखीबाईनं शामला बाजूला ओढलं. "पोरगी आपल्यातली नाही. बौद्धाची हाय. लोक बोलतीन."

"याडी..."

"मले पुरं बोलू दे. लोक मावशीच्या भांडनावरबी बोलले. चोळी माही थांबली नाही. जा, जीपपर्यंत सोड तिले. आन् तोंड उघड, बावळट!"

तांड्याच्या फाट्यावर दोघं उभे राहिले. दोन्ही बाजूंना तुरीचं वावर, वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. शामनं तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं.

"काय ते पूर्ण बोला," मैत्रेयी म्हणाली. "मले आज खरं लिहाचं हाय."

"मैत्रेयी, मले—"

तेवढ्यात दारव्ह्याची जीप कचकन थांबली. चालक ओरडला, "एकच सीट! बसता का जाऊ?"

मैत्रेयी चढली. मागच्या बाकावर, दोन बायका आणि एका टोपलीच्या मधोमध, जेमतेम मावली. जीप हलणार, तोच शामनं मागची दांडी धरली.

"मले तुमी आवडता!" तो म्हणाला. जरा मोठ्यानंच. "हे खरं हाय! बनवलेलं नाही!"

जीपमधल्या चौदा माना मागे वळल्या. चालकानं इंजिनच बंद केलं. टोपलीवाल्या म्हातारीनं मैत्रेयीकडे पाहिलं, शामकडे पाहिलं, पुन्हा मैत्रेयीकडे.

"दिसाले बरा हाय," ती म्हणाली. "काय करते?"

"पंखे दुरुस्त करतो, आजी."

"मंग तं उन्हाळ्यात उपाशी मरत नाही. बोल ना वो पोरी, आमाले उशीर होऊन राह्यला!"

मैत्रेयीनं ओढणीत तोंड लपवलं. खांदे हलत होते, आणि ती हसतेय की आणखी काही, हे शामला कळेना. मग ओढणी खाली आली.

"रविवारी कट्ट्यावर नोका येऊ," ती म्हणाली.

शामचा चेहरा उतरला.

"माह्या घरी या. आईले भेटाले. सगळ्याइले घेऊन... पेटीसकट." आणि मग, जीपभर ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, "मले बी आवडता तुमी."

"झालं!" म्हातारीनं पुढच्या बाकाच्या पाठीवर थाप मारली. "चाल रे बाप्पा!"

जीप निघाली. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि दुसरीच एक बाई मैत्रेयीला मोठमोठ्यानं विचारू लागली, लग्न कुठं करणार, दारव्ह्यात की तांड्यावर. शाम धुरळ्यात उभा राहून हात हलवत राहिला. जीप पार वळणाआड गेली तरी त्याचा हात खाली येईना.