खालचा अर्धा पडदा

मिरजेत सतारीच्या दुकानांची जी गल्ली आहे, तिथे मी मुजीबला शोधत गेले ते एक साधी गोष्ट विचारायला. व्हिडिओ गेममध्ये लवकर न मरता कसं खेळायचं, एवढंच मला शिकायचं होतं. सांगलीत टायपिंगचा क्लास चालवणारी, लग्नाला आलेली मुलगी, आणि असला प्रश्न घेऊन वाद्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी. मुजीबचे वडील, पीरमहंमदचाचा, सतारीचा भोपळा घासता घासता थांबले आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"मी निमिषची बहीण, मयूरी," मी म्हणाले. तेव्हा मात्र त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि मुजीबला आतून हाक मारली.

निमिष माझा धाकटा भाऊ. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मिरजेहून परत येताना त्याची स्कूटर घसरली आणि डोकं दगडावर आपटलं. दवाखान्याने करायचं ते सगळं केलं आणि मग त्याला घरी न्यायला सांगितलं. श्वास चालू, डोळे बंद, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, आवडीचे आवाज कानावर पडू द्या. आई उशाशी बसून स्तोत्रं म्हणायची. बाबा फलटणच्या साखर कारखान्यात नोकरीला, ते रविवारी येऊन त्याला अग्रलेख वाचून दाखवायचे. शुद्धीत असताना ज्याने वर्तमानपत्राला कधी हात लावला नाही, तो अग्रलेख ऐकून काय उठणार होता?

मामाने मस्कतहून आणलेलं गेमचं यंत्र त्याच्याच खोलीत होतं. हातात बंदूक घेऊन एका मोठ्या गोदामातून फिरायचं, असा तो खेळ. आपण स्वतः पडद्यावर दिसतच नाही, दिसतो फक्त आपला हात आणि नळी. जे काही दिसतं ते आपल्याच डोळ्यांनी. एका दुपारी वैतागून मी तो लावला. सिमेंटवर बुटांचे आवाज सुरू झाले, टप टप टप, आणि चादरीवरचं निमिषचं बोट हललं. दुसऱ्या मिनिटाला मला कुणीतरी गोळी घातली, आवाज थांबला आणि बोटही थांबलं. मी पुन्हा लावला, पुन्हा मेले. मी जेवढा वेळ जिवंत राही तेवढाच वेळ त्याचं बोट हलायचं. टायपिंगमध्ये बोटं कशी चालतात याचं माझ्याकडे सरकारी सर्टिफिकेट आहे, पण त्या रिमोटवर मी अगदीच ढ निघाले.

मुजीब आणि निमिष हा खेळ कॉलेज बुडवून खेळायचे. मी सगळं सांगितलं तेव्हा त्याने मला वेड्यात काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो आमच्या घरी आला आणि माझ्या मागे स्टूल टाकून बसला.

"ताई, बंदुकीकडं बघू नका. बंदूक कुटं पळून जात न्हाई," तो म्हणायचा. "जिथनं माणूस येनार तिथं नजर ठेवा. आनि लय पळू नका. कान द्या. पावलं आदी ऐकू येत्यात, माणूस मागनं येतो."

बाप तारा जुळवणारा, त्यामुळे पोराचा कान तयार होता. मलाही हळूहळू ऐकू यायला लागलं. लोखंडी जिन्यावरचं पाऊल वेगळं वाजतं, ओल्या फरशीवरचं वेगळं. कोपऱ्यावर वळताना भिंतीपासून लांब राहायचं, गोळ्या भरायच्या त्या आडोशाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्याने शिकवलं ते म्हणजे दार धरणं.

"एक दार धरायचं आनि हलायचं न्हाई. समोरचा कवातरी येतोच."

मी जीव तोडून शिकले. क्लासमध्ये पोरी अ स ड फ बडवत असताना माझे अंगठे पदराआड फिरत असायचे. मी सुधारले तसा निमिषही सुधारायला लागला. एका बोटाची दोन झाली, मग पापण्या थरथरल्या. आई चमच्याने पेज भरवायची, ती तो गिळायला लागला.

मग मुजीब म्हणाला, दोघांचा डाव लावू. पडदा आडवा दोन भागांत होतो, वरच्या अर्ध्यात एकाला काय दिसतं ते आणि खालच्या अर्ध्यात दुसऱ्याला काय दिसतं ते. दुसऱ्याच्या अर्ध्यात डोकावणं म्हणजे त्यांच्यात चोरीच. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. टीव्हीच्या मधोमध फळीसारखा पुठ्ठा चिकटवायचा, वरच्याने खुर्चीवर बसायचं, खालच्याने खाली. निमिषची खाट बुटकीच होती. मुजीबने पुठ्ठा लावला, दुसरा रिमोट निमिषच्या हातांखाली सरकवला आणि मला म्हणाला, "वरचा तुमचा, खालचा त्याचा. त्याच्यात बघायचं न्हाई, ताई. त्याची शपथ हाय."

पहिले काही दिवस निमिषचा माणूस गोदामाच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून नुसता उभा असायचा. एका संध्याकाळी मी तिथे गेले तर कोपरा रिकामा होता. मागून पावलं वाजली. मी वळले, आणि तो धावत माझ्याकडे येत होता. खाटेवर निमिषची बोटं रिमोटवर थरथरत होती. मी ओरडून आईला बोलावलं. आईला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, तरी ती पदर तोंडाला लावून रडत उभी राहिली. त्या वेळी खोलीत एक वास आला, बंद गोदामासारखा, ओलसर. मला वाटलं, फिनेलचा बोळा वाळला नसेल.

तो धावत येई आणि मी गोळी घाली. खेळच तसा आहे. मेलेला माणूस क्षणभराने दुसरीकडून पुन्हा जिवंत होतो. त्याने मला कधी मारलं नाही. मी म्हटलं, हात कमजोर आहेत, घोडा दाबता येत नसेल. तरी तो रोज जास्त हुशारीने यायचा. कधी वाकून, कधी पिंपांमागून, कधी मी गोळ्या भरत असताना. मलाही रोज जास्त चांगलं व्हावं लागायचं. आणि मी त्याला जितक्या वेळा पाडी, तितका खाटेवरचा निमिष सुधारे. डोळे उघडले. मान वळली. मी गोदामाच्या टोकाचं एक मोठं दार धरून बसायचे आणि एकाही वेळी त्याला जवळ येऊ द्यायचे नाही. भावाला जिंकून परत आणते आहे, असं मला वाटायचं. त्या दिवसांइतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दसऱ्याच्या आसपास निमिष उठून बसला आणि म्हणाला, "ताई, पाणी दे."

आईने गल्लीत पेढे वाटले. बाबा फलटणहून कामाच्या दिवशी रजा टाकून आले. मीही रडले, हसले, पण ते 'ताई' माझ्या कानाला खटकलं. जन्मात त्याने मला ताई म्हटलं नव्हतं. मी त्याची मयडी होते, फार तर मयूरीबाई. हा निमिष वाढलेलं मुकाट जेवायचा, कपड्यांच्या घड्या घालायचा, आणि मी खोलीत शिरले की माझ्या हातांकडे बघायचा. आई म्हणाली, अपघातानं शहाणा झाला. मी स्वतःला बजावलं, भाऊ मिळाला ना, मग तक्रार कसली?

एका संध्याकाळी आई त्याला घेऊन गणपतीला गेली. मी एकटी होते. टीव्ही पुसावा म्हणून गेले तर खेळ चालूच राहिलेला. पुठ्ठा सैल होऊन लोंबत होता. आता कसली शपथ, म्हणून मी तो ओढून काढला.

खालचा अर्धा पडदा हलत होता.

दुसरा रिमोट रिकाम्या खाटेवर पडलेला. त्याला कोणी शिवत नव्हतं. आणि खालच्या अर्ध्यात कोणीतरी जिन्यावरून धावत सुटलं होतं, धापा टाकत, भिंतींना आदळत. वळणावरून तो बाहेर आला आणि त्याला जे दिसलं ते मला पहिल्यांदाच दिसलं. मी दिसले. बंदूक रोखून उभी असलेली मी, आणि माझ्या पाठीमागे ते दार.

तो माझ्यावर कधीच धावून येत नव्हता. तो दाराकडे जात होता.

मला हे कळलं, अगदी स्वच्छ कळलं, आणि तरी रिमोट उचलून माझ्या शिकलेल्या अंगठ्याने घोडा दाबला. खालचा पडदा लाल झाला. मी कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले. इतके महिने मी कुणाला मारत होते, आणि खाटेवरून उठला तो कोण होता?

मुजीबला निरोप धाडला. तो आला आणि पडद्यासमोर उकिडवा बसला. मी माझ्या माणसाला दारापासून बाजूला नेलं. पावलं आली, दारापाशी थांबली. मग त्याने बंदुकीच्या दस्त्याने दारावर ठोकायला सुरुवात केली. टीव्हीचा आवाज बंद होता, तरी ते आम्हाला ऐकू आलं.

"ताई... ते दार निस्तं रंगवल्यालं हाय," मुजीब म्हणाला. "भिंतच हाय ती. उगडत न्हाई."

"मग तो काय करेल?"

"मला काय म्हाईत... पर तुमी यंत्र बंद करू नका. बंद केलं तर त्यो कुटं ऱ्हाईल?"

म्हणून ते यंत्र मी चालू ठेवलं. लाईट जाते म्हणून माझ्या क्लासच्या कमाईतून बॅटरीवरचा इन्व्हर्टर आणला. आईला वाटलं, पोरगी खेळापायी वेडी झाली. निमिष फक्त दिवेलागणीला जवळ येऊन हळू आवाजात म्हणायचा, "ताई, बंद कर ना आता ते." रोज, तेवढंच, अगदी गोड आवाजात. मला त्याची भीती वाटायची, आणि तोच माझा भाऊ असेल तर आपण किती दुष्ट, याचीही वाटायची.

आणि मग एका संध्याकाळी लाईट गेली आणि यंत्रही गेलं. बॅटरीची वायर निघालेली होती. ती कुणी काढली ते मी विचारलं नाही. निमिष अंधारात खाटेवर बसला होता. मी वायर चाचपत होते, टोक सापडेना. घरात काही वाजत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरच्या दारावर थाप पडली.

"मयू, बघ गं कोण आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"उघडू नकोस, ताई..." खाटेवरून आवाज आला.

थाप पुन्हा पडली, घाईची, दमलेल्या माणसाची. मी दाराशी गेले आणि कडीवर हात ठेवला. आत बसलाय तो माझा निमिष असेल तर मी त्याच्यावर काय सोडणार होते? आणि बाहेर आहे तो निमिष असेल तर? तिथे मला मुजीबचं शिकवणं कामी आलं नाही. एवढंच समजत होतं की हे दार धरून बसणं आता पुष्कळ झालं.

मी कडी काढली.

कोणीतरी मला धक्का देऊन आत गेलं. ओलसर, थंड वास नाकात भरला. मागे खाट करकरली. दोन माणसांची झटापट, एकाचाही शब्द नाही, फक्त श्वास. मग एकच श्वास.

आई कंदील घेऊन आली. खाटेवर निमिष होता. एकटाच. घामाने भिजलेला, शर्ट खांद्यावर फाटलेला, माझ्याकडे बघत.

"काय गं, कोण आलं होतं?" आईने विचारलं.

मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. कोण उरलं ते मी त्याला विचारलेलं नाही, आणि तो मला ताई म्हणत नाही, मयडी म्हणत नाही, कसलीच हाक मारत नाही. दिवस मावळला की तो भिंतीला पाठ लावून बाहेरच्या दाराकडे तोंड करून बसतो आणि आईलासुद्धा कडी काढू देत नाही. आधी मला वाटलं, यावरून तरी ओळखता येईल. पण दोघांपैकी कोणीही उरला असता तरी त्याने हेच केलं असतं.

काल दिवेलागणीला थाप पडली. हळू, पण बराच वेळ. तो उठला, माझ्याजवळ आला आणि माझा हात धरून मला दारासमोरच्या खुर्चीवर बसवलं. त्याचा हात गरम होता, माणसाचा असतो तसाच.

"मी दमलो," तो म्हणाला. "आता तू बस... तुला येतं ते."

मी बसले.