मागच्या चाकाची हवा

वीज गेली म्हणून सगळे गच्चीवर येऊन बसले होते. खाली फाटकाजवळ दादाची मोटरसायकल उभी होती आणि दादाला संध्याकाळपासून दुसरा विषय नव्हता. त्याने दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हवर टोपणाच्या जागी सेन्सर बसवले होते. हँडलवर काडेपेटीएवढा स्क्रीन होता. त्यावर वरचा आकडा पुढच्या चाकातल्या हवेचा, खालचा मागच्या चाकातल्या. हवा उतरली की तो पीं पीं करायचा.

"स्क्रीन नवा घेतलास की कुणाचा काढलेला?" थोरल्या मामांनी विचारलं.

"नवा कोरा, मामा. का हो?"

"मग ठीक आहे."

"दादा, तुझ्या गाडीआधी मामांनी तुझीच हवा काढली," धाकटी म्हणाली आणि खिदळली. मामा मात्र हसले नाहीत. ते पाय वर घेऊन बसले.

"माझ्या ओळखीत एक मेकॅनिक आहे," ते म्हणाले. "त्याला सगळे बारातेरा म्हणतात. बारा-तेराचा पाना चोवीस तास खिशात. झोपतानासुद्धा. हात सोन्याचा, जीभ मात्र विंचवाची. शहराबाहेर रस्त्याला लागून त्याचं गॅरेज आहे, आणि वरच्या खोलीत घर.

"त्याचं आणि त्याच्या साडूचं कधीच पटलं नाही. साडूने हे सेन्सर सगळ्यांच्या आधी बसवले. सासूबाईंच्या घरी सगळे जेवायला बसले असताना म्हणाला, 'आता हवा बघायला तुझ्या दारात यायला नको. हे यंत्र तुझ्यापेक्षा खरं बोलतं, आणि वर शिव्या देत नाही.' सगळे हसले. बारातेराची बायकोसुद्धा हसली. तो अर्ध्या ताटावरून उठला. ते त्याने मनात धरलं.

"पुढच्याच आठवड्यात एका रात्री साडू गॅरेजपाशी थांबला. शटर बंद होतं, पण खालच्या फटीतून उजेड दिसत होता. त्याने शटरवर दोन थापा मारल्या.

"'मागची हवा उतरतेय रे. अठरावर आलीय. जरा भरून दे.'

"बारातेरा आत जागा होता. कॉम्प्रेसरची टाकी भरलेली होती. नुसती नळी लावायची होती.

"'दुकान बंद आहे,' तो म्हणाला.

"'अरे, दोन मिनिटांचं काम...'

"'तुझ्या यंत्राला सांग भरायला.'

"मग मोटरसायकल सुरू झाली आणि शहराच्या दिशेने गेली. पुढे एक वळण आहे, दगडी कठड्याचं. तिथे मागचं चाक बसलं. साडू जागच्या जागी गेला."

धाकटी आता दादाला चिकटून बसली होती. "पण मामा, हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्यानेच सांगितलं. नंतर. आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. बहिणीचं कपाळ आपल्या नवऱ्याच्या हट्टापायी फुटलं हे कळलं असतं, तर ती एक क्षण त्या घरात थांबली नसती. त्याला तीच भीती होती.

"साडूची मोडकी मोटरसायकल त्याच्याच गॅरेजमागच्या शेडमध्ये आणून टाकली. मागच्या टायरला बोटभर चीर गेलेली, रिम वाकडी. सेन्सरचे नट असे चिकटलेले की बारातेराच्या पान्यालाही निघेनात. स्क्रीनला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. तो याने काढला आणि आपल्या हँडलवर बसवला. म्हणाला, चांगली वस्तू, वाया का घालवायची?

"आता त्याला फक्त सेन्सरची नवी जोडी हवी होती. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा मंगळवार. बायको बहिणीकडे मुक्कामाला होती. हा कामं उरकून संध्याकाळी शहरात गेला. दुकानदार म्हणाला, 'आधी स्क्रीनमधून जुन्या सेन्सरची ओळख पुसावी लागेल. देऊ करून?' बारातेरा म्हणाला, 'मला शिकवतोस?' सेन्सरचं पाकीट न फोडताच खिशात घातलं. बाहेरच जेवला, आणि पावणेअकराच्या सुमारास परत निघाला.

"वळण आलं. कठडा मागे पडला. आणि हँडलवर उजेड पडला.

"पीं.

"वर अठ्ठावीस. खाली अठरा."

मामा थांबले.

"त्याने खिशात हात घातला. पाकीट बंदच. म्हणजे आकडे जुन्या सेन्सरचे. पण ते तर त्या मोडक्या गाडीवर, शेडमध्ये, कुलपात. गॅरेज अजून दोन किलोमीटरवर." मामा दादाकडे वळले. "काय रे, हा स्क्रीन सिग्नल किती लांबून पकडतो?"

"मोटरसायकलचा? दहा-बारा फूट," दादा हळूच म्हणाला.

"दहा-बारा फूट. त्याने आरशात पाहिलं. रस्ता रिकामा. त्याने वेग वाढवला. सतरा. आणखी वाढवला. सोळा. आकडे मागे पडेनात. जे काही होतं, ते बरोबरीनं येत होतं.

"मग त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. त्याला माहीत होतं, चाक थांबलं की सेन्सरही जरा वेळाने गप्प होतो.

"तो उभा राहिला. बराच वेळ.

"पंधरा.

"चौदा.

"म्हणजे चाक फिरत होतं... त्याचं नाही. दुसरं.

"डावीकडे खडी करकरली. मग मागे. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे... दिसत काहीच नव्हतं. जळलेल्या रबराचा वास तेवढा येत होता.

"तो कसा निघाला, त्याचं त्याला माहीत. गॅरेज गाठलं. शटर वर. गाडी आत. शटर खाली. आतून कडी. मग तो जमिनीवरच बसला. अंधारात फक्त तो स्क्रीन.

"नऊ.

"शटरवर थाप पडली. दोन वेळा.

"'दुकान...' त्याच्या तोंडून सवयीने निघालं.

"बाहेरून बोलणं नाही. हाक नाही. काही नाही.

"सात. सहा. चार.

"शून्यावर काय होणार, त्याला ठाऊक नव्हतं. शून्यापर्यंत थांबायची त्याची छातीही नव्हती. तो रांगत कॉम्प्रेसरपाशी गेला. बटण दाबलं. शटर वीतभर उचललं आणि हवेच्या नळीचं तोंड फटीतून बाहेर सरकवलं.

"ते कुणीतरी घेतलं.

"हिसकलं नाही. गिऱ्हाइकाने घ्यावं तसं घेतलं.

"फुस्स... आवाज सुरू झाला. दहा. वीस. बत्तीस. बारातेराने कॉम्प्रेसर बंद केला, टाकीची चावीही बंद केली. 'झालं,' तो म्हणाला. 'भरली. आता जा ना...'

"आवाज थांबला नाही.

"चौतीस. अडतीस. नळी हळूहळू बाहेर ओढली जात होती. पंचेचाळीस.

"छप्पन.

"आणि स्क्रीन विझला.

"पहाटे त्याने मला फोन केला. मी गेलो, तेव्हा नळी रस्त्यावर सरळ पसरलेली होती. शेजारी ना चाकाची खूण, ना पावलाची. आम्ही शेड उघडली. कुलूप त्याने माझ्यासमोर काढलं. मोडकी गाडी जागेवरच होती. हँडलपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं, एक धागा तुटलेला नाही."

"मग काहीच नाही!" दादाने इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

"मी वाकून मागच्या टायरला हात लावला," मामा म्हणाले. "चीर होती तशीच. माझं नख आत गेलं. व्हॉल्व्हवर सेन्सर चिकटलेला. तो असताना नळी लागतच नाही. आणि टायर दगडासारखं टणक. मी अंगठ्याने दाबलं, मग उभा राहून लाथ मारली. जराही दबलं नाही. बारातेराने स्क्रीन जवळ आणला. खाली छप्पन.

"त्याच दिवशी त्याने बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता तरी आकडा उतरेल. ती ऐकत राहिली. पिशवी भरली आणि बहिणीकडे गेली. अजून आलेली नाही.

"भंगारवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा शेडच्या दारातूनच परत फिरला."

"आणि आकडा?" धाकटीने विचारलं. "उतरला?"

मामांनी खाली फाटकाकडे पाहिलं.

"त्या टायरला चाळीससुद्धा सोसत नाही," ते म्हणाले. "मी मागच्या आठवड्यात गेलो होतो. एकोणऐंशी."