द्वारका चौकातली हजेरी

ऑक्टोबरच्या दुपारी द्वारकेच्या चौकात सावली म्हणाल तर ती उड्डाणपुलाची. त्या सावलीत उभं राहता यावं म्हणून दुचाकीवाले सरकत सरकत पांढऱ्या पट्ट्यांवर चढतात, पायी चालणाऱ्यांना वाट उरत नाही, आणि मग खांबावरच्या कर्ण्यातून आवाज येतो.

"निळ्या स्कूटरवाले काका, शेवटचे आकडे बहात्तर. पट्ट्यांच्या मागे या बरं. एवढी घाई असेल तर घरून जरा लवकर निघावं."

आजूबाजूचे हसतात. काका ओशाळून पायांनी गाडी मागे ढकलतात.

हा आवाज मालनबाईंचा. पालिकेच्या शाळेत त्यांनी उभा जन्म पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून वाहतूक नियंत्रण कक्षात दुपारचं काम मागून घेतलं. सिग्नल तोडणाऱ्यांसाठी शहराने तोवर सगळं करून पाहिलं होतं. दंडाचे निरोप मोबाईलवर गेले, ते कुणी उघडून पाहिले नाहीत. शाळेच्या मुलांनी गुलाब वाटले, तर लोकांनी गुलाब हँडलला खोचला आणि पुढचा सिग्नल तोडला. शेवटी चौकाचौकांत कर्णे लागले. पोलिसांचा आवाज आला की लोक इकडे तिकडे बघत. बाईंचा आवाज आला की मात्र पाय आपोआप खाली टेकत. अर्ध्या पंचवटीने लहानपणी त्या आवाजाला घाबरून पाढे पाठ केले होते.

कामाची पद्धत साधी होती. समोर पडदे, पडद्यावर चौक. माइकच्या बुडाशी असलेलं बटण दाबून धरलं की छोटा हिरवा दिवा लागायचा आणि बोललेलं तिकडे ऐकू जायचं. नियम एकच होता, नाव घ्यायचं नाही. ओळखीचा माणूस दिसला तरी गाडीचा रंग सांगायचा, नंबराचे शेवटचे आकडे सांगायचे, बस. चारचौघांत कुणाचं नाव घेऊन त्याला लाजवायचं नाही. मालनबाईंना हा नियम फार आवडला होता.

त्यांच्या जिवाला खरा घोर होता तो सुनेचा. निकिता नाशिकरोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. मुलगा महेश नोकरीसाठी कळवणला, आठवड्यातून एकदा येणारा. त्यामुळे दुपारी लेकीला, साईला, शाळेतून घ्यायचं, लॅबच्या मागच्या गल्लीत बहिणीकडे सोडायचं आणि पुन्हा कामावर धावायचं, हे सगळं निकिताच्याच अंगावर. साईला पुढे उभी करून ती रोज द्वारकेवरून जायची, आणि रोज तिला उशीर झालेला असायचा.

"आई, मी सिग्नल तोडत नाही हो," ती म्हणायची. "बाजूच्या रस्त्याचा सिग्नल बघते. तो पिवळा झाला की निघते. सगळेच निघतात."

"आणि बाजूचे लोक पिवळा झाला की काय करतात?"

"काय करतात?"

"पळवतात गं. आता लाल होईल म्हणून आणखी पळवतात. तुम्ही अलीकडून लवकर निघता, ते पलीकडून उशिरा येतात. चौकाच्या मधोमध कोण कुणाला भेटणार, सांग बरं."

निकिता हसायची. "तुम्ही मला दुसरीत बसवलंय." मग किल्ली उचलून जायची. मालनबाई गॅलरीतून स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहायच्या.

पहिली गोष्ट घडली ती सोमवारी सकाळी. मालनबाई देवासाठी शेवंती घ्यायला द्वारकेच्या कोपऱ्यावर थांबल्या. तिथे फुलाबाई बसते. मखमलाबादच्या मळ्यातून पहाटे टोपली घेऊन येते, संध्याकाळच्या गाडीने परत जाते.

"काय बाई, आता रईवारी बी ड्युटी लावली का तुमाला?" फुलाबाई पुडा बांधता बांधता म्हणाली.

"नाही गं. रविवारी मी घरी असते."

"मग काल कोण बोलत व्हतं?"

"असेल दुसरं कुणी."

"आता तुमचा आवाज मला कळत नाय व्हय? माझी पोरगी तुमच्याच वर्गात व्हती." फुलाबाईने दोन फुलं जास्त घातली. "आन् काल तुमी नावं घेत व्हत्या. एका पोराला म्हनल्या, बंटी, थांब. त्यो थांबला. लय दचकला पन थांबला."

नियंत्रण कक्षात गेल्या गेल्या मालनबाईंनी शेखरला विचारलं. शेखर तिथली यंत्रं सांभाळायचा, स्वभावाने सरळ आणि कामाला पक्का.

"माझा आवाज कुठे टेप करून ठेवलाय का रे?"

"नाही बाई. टेप करायची सोयच नाहीये यात. का?"

"काही नाही. फुलवाली म्हणत होती."

"आणि काल तर आपलं मशीनच बंद होतं. सर्व्हिसिंग चालू होतं."

मालनबाईंनी मनाशी म्हटलं, गर्दीत काहीही ऐकू येतं. भोंगे, बसचे वाहक, पुलाखाली घुमणारे आवाज. त्यांनी विषय सोडून दिला.

पुढच्या आठवड्यात द्वारकेच्या चौकात खोदकाम सुरू झालं. धक्का लागू नये म्हणून खांबावरचा कर्णा उतरवला आणि शेखरने तो गोणपाटात गुंडाळून कक्षात आणून ठेवला, मालनबाईंच्याच टेबलाखाली. "काम संपेपर्यंत द्वारकेला मुकं राहू द्या," तो म्हणाला. कर्ण्याच्या तोंडात कबुतराची पिसं आणि काळी धूळ होती. मालनबाईंनी पायाने तो जरा आत सारला.

त्या दिवसापासून त्यांना द्वारकेचा पडदा बघवेना. दिसायचं सगळं, पण बोलता काही यायचं नाही.

गुरुवारी दुपारी निकिताची स्कूटर पडद्यावर आली. साई पुढे उभी होती, गळ्यात पाण्याची बाटली. निकिता गर्दीतून वाट काढत थेट पांढऱ्या पट्ट्यांच्याही पुढे जाऊन थांबली. तिची मान वळलेली होती. ती बाजूचा सिग्नल बघत होती. तिच्या डावीकडे एक पांढरी मोटार, मागे दुचाक्यांची दाटी. सगळ्यांच्या माना तिकडेच.

बाजूच्या रस्त्यावर, पुलाच्या खांबाआडून, एक पाण्याचा टँकर येत होता. निकिताला तो दिसणं शक्य नव्हतं. मालनबाईंना वरून दिसत होता.

त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. कर्णा आपल्या पायाशी पडला आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं. तरी त्यांनी तोंड उघडलं. घशातून शब्द आला नाही.

पडद्यावर निकिताने मान वर केली.

तिने खांबाकडे पाहिलं. खांबावर काहीच नव्हतं, नुसती उघडी वायर लोंबत होती. साईनेही वर पाहिलं. निकिताचा पाय जमिनीवर टेकला. तिने स्कूटर मागे घेतली, पट्ट्यांच्या मागे.

मग शेजारच्या मोटारसायकलवाल्याने वर पाहिलं. त्याचा पाय टेकला.

मग त्याच्या मागच्या बाईने.

मग आणखी एकाने. एकामागून एक, रांगेने, जणू कुणी त्यांच्यावर बोट ठेवत चाललं होतं.

बाजूचा सिग्नल पिवळा झाला. कुणी हललं नाही. फक्त ती पांढरी मोटार निघाली.

टँकर आला.

पडद्याला आवाज नव्हता. मालनबाईंना फक्त धूळ दिसली, आणि धूळ खाली बसल्यावर पट्ट्यांच्या मागे उभी असलेली निळी पाण्याची बाटली. बाटलीमागे साई. साईमागे निकिता.

शेखरने त्यांना पाणी आणून दिलं. "वाचली रे," त्या एवढंच म्हणाल्या. "पोरगी वाचली माझी."

संध्याकाळी निकिता घरी आली ती थेट त्यांच्या पायाशी बसली. साई आत खेळत होती.

"आई, तुम्ही आज नसता तर..."

मालनबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पण तुम्हाला एवढ्यांची नावं कशी ठाऊक?"

"कुणाची?"

"सगळ्यांची. आधी माझं घेतलंत. निकिता, मागे ये. मग साईचं. मग त्या मोटारसायकलवाल्याचं, मग मागच्या बाईचं. शाळेत हजेरी घेतात ना, तसं. शांत. मला तर रडूच आलं." निकिता थांबली. "तो पांढऱ्या गाडीवाला काच खाली करून ऐकत होता. त्यालाही वाटत होतं, आपलं येईल. सगळ्यांचं झालं, त्याचं आलं नाही. मग त्याने काच वर केली आणि निघाला."

आत साईने काहीतरी पाडलं. दोघींनीही तिकडे पाहिलं नाही.

"त्याचं नाव का नाही घेतलंत, आई?"

"मला माहीत नव्हतं त्याचं नाव," मालनबाई म्हणाल्या.

"आणि बाकीच्यांची माहीत होती?"

त्या उठल्या आणि कुकर लावायला गेल्या. गोणपाटातल्या कर्ण्याबद्दल त्या निकिताशी कधीच बोलल्या नाहीत. पोर जिवंत होती, भात मागत होती. एवढं हातात असताना आणखी काय विचारायचं आणि कुणाला?

त्यानंतर द्वारकेचा चौक बदलला. आधी महिनाभर लोक अपघातामुळे जपून आहेत असं वाटलं. पण पुढेही कुणी पट्ट्यांवर चढेना, पिवळ्याला निघेना. दुपारच्या वेळी लाल दिव्यापाशी लोक गाड्या बंद करून उभे राहत, माना किंचित वर करून. दुसऱ्या चौकांतले पोलीस येऊन बघून गेले, इथे काय केलंत म्हणून विचारून गेले. खोदकाम संपलं. शेखर कर्णा परत लावायला निघाला तेव्हा वरच्यांनी सांगितलं, राहू द्या, तिथे आता गरज नाही. मालनबाईंनी पडद्यावर पाहिलं की त्यांच्या लक्षात यायचं, लोक आधी वर बघतात, मग एकेक जण मान हलवतो, मग चेहरा सैल होतो. पगार झाल्याचा मेसेज आल्यावर होतो तसा.

त्यांनाही आता शांत झोप लागायची. निकिता रोज वेळेवर निघायची. गॅलरीत उभं राहणं त्यांनी सोडून दिलं.

माघात निकिताच्या बहिणीच्या घरी वास्तुशांत होती. स्कूटरवर तिघी मावत नव्हत्या. निकिता साईला घेऊन पुढे निघाली आणि मालनबाई पंचवटीतून नाशिकरोडच्या शेअर रिक्षात बसल्या. मागच्या सीटवर त्या मधोमध. उजवीकडे मांडीवर मेथीच्या जुड्या घेतलेली एक बाई, डावीकडे टोपी घातलेले एक म्हातारे बाबा. दोघंही अनोळखी. रिक्षावाला नाशिकची थंडी यंदा कमी आहे म्हणून बोलत होता.

द्वारकेला लाल लागला. रिक्षा थांबली. पुढे, दोन गाड्या सोडून, निकिताची स्कूटर पट्ट्यांच्या बरोबर मागे उभी होती. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि बोलणंही बंद केलं.

सगळ्या चौकात इंजिनं बंद झाली. पुलाखाली कबुतरांचा फडफडाट तेवढा ऐकू आला.

मग आवाज आला.

आपला आवाज बाहेरून ऐकायची मालनबाईंवर कधी वेळ आली नव्हती. तो त्यांना वाटत होता त्याहून म्हातारा होता, आणि फार प्रेमळ.

"निकिता."

पुढे निकिताने मान हलवली. मालनबाईंचा श्वास मोकळा झाला. डोळे भरून आले.

"साई."

साईने हात वर केला, वर्गात करतात तसा. मालनबाई हसल्या. आता काही नको, असं त्यांना मनापासून वाटलं.

आवाज गाडीगाडीने मागे येत गेला. तो रिक्षापाशी पोचला.

"केरू."

रिक्षावाल्याने मान हलवली.

"बायडाबाई."

उजवीकडे मेथीच्या जुड्यांवरचे हात सैल झाले.

वर्गात एखादं पोर आलेलं नसलं की मालनबाई त्याच्या नावाशी क्षणभर थांबत, नजर न उचलता, आणि मगच पुढच्या नावाकडे वळत.

आवाज तसा थांबला.

"झिपरू," तो म्हणाला, आणि डावीकडच्या बाबांनी टोपी सरळ केली.