सरांची काही तक्रार नाही

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची आहे, आणि खरी आहे. ती स्वतः कुणाला सांगत नाही. विषय निघाला की उठून जाते. मीसुद्धा तिला विचारूनच सांगतोय.

"सांग," म्हणाली, "फक्त तिखटमीठ लावू नकोस."

लावायला जागाच नाही.

आणि एक. हे रात्री घडलेलं नाही. रविवारी, भर दुपारी, दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची गर्दी असताना घडलं.

घरात तिला सगळे ढमी म्हणतात. अंगाने काडी, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. शिकायला हुशार. आधी ती नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये काम करायची. म्हणजे औषध बाजारात येण्याआधी काही माणसांना देऊन बघतात ना, ते. त्या माणसांना फोन करायचा, काही त्रास होतोय का विचारायचं, आणि सांगतील ते चाचणीच्या मुख्य डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

मुख्य डॉक्टरांना सगळे 'सर' म्हणत. मोठं प्रस्थ. त्यांच्यासमोर कुणी ब्र काढत नसे.

चाचणी गुडघेदुखीच्या गोळीची होती. त्यात एक बाई होत्या. बसस्थानकावर माईकवरून गाड्यांची घोषणा करायच्या. शहरातल्या लहान मुलालाही त्यांचा आवाज ओळखू यायचा. गोड, खणखणीत. ढमीला त्या 'पोरी' म्हणायच्या.

एक दिवस बाई फोनवर म्हणाल्या, "पोरी, गळ्याशी कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतंय गं."

ढमीने सरांना सांगितलं.

"दिवसभर बोलतात, घसा बसणारच," सर म्हणाले. "गोळी चालू ठेवा."

पुढच्या फोनला बाईंचा आवाज चिरका येत होता. ढमी पुन्हा सरांकडे गेली. त्यांनी मान वर केली नाही. मग तिने बाईंना परस्पर सांगितलं, "गोळी बंद करा. मी सांगतेय, बंद करा."

बाईंनी खात्री करायला सरांनाच फोन लावला. सर हसले म्हणे. "डॉक्टर कोण, मी की ती मुलगी?"

बाईंनी गोळी चालू ठेवली.

त्या गेल्या त्या खुर्चीतच. घोषणा करताना. माईक चालू होता... अख्ख्या स्थानकाने ऐकलं. आधी शब्द अडखळले. मग नुसता श्वास. ओढलेला, शिट्टीसारखा. लोक जागच्या जागी उभे राहिले.

मग तोही नाही.

चौकशी बसली. सर म्हणाले, "त्यांनी कधी काही तक्रारच केली नाही." ढमी उभी राहून सांगत होती, केली होती, मी स्वतः ऐकली होती. पण तिचं कोण ऐकतो? सर सुटले. ढमीने नोकरी सोडली.

आणि नर्सिंगला गेली.

मावशीने घर डोक्यावर घेतलं. "एवढं शिकून आता लोकांची लघवीची भांडी उचलणार का तू?"

"उचलीन," ढमी म्हणाली. "फोनवरून विचारून पाहिलं ना, आई. आता समोर उभी राहून विचारणार."

वर्गातल्या बाकीच्या मुली तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिला ताई म्हणून चिडवायच्या आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्याच खोलीत येऊन बसायच्या. ती शिकली, पास झाली, एका मोठ्या दवाखान्यात लागली. शिरेत सुई घालताना पहिल्यांदा ती शीरच चाचपत बसली, तेव्हा पेशंटच म्हणाला, "घाला सिस्टर, मी बघत नाही तिकडे." घरी येऊन ती हे सांगून पोट धरून हसली होती. फार दिवसांनी हसली होती.

जेमतेम महिना झाला असेल.

त्या रविवारी ती दुपारच्या ड्युटीला गेली. मोठ्या सिस्टरांनी पेशंट समजावून दिले. शेवटी म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या खोलीत हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक डॉक्टर आहेत. सांभाळून गं, फार नखरे आहेत."

ढमीने दार उघडलं.

पलंगावर सर होते.

त्यांनी तिला ओळखलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अरे वा. शेवटी इथे पोचलीस होय?"

तिने दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब घेतला. ठीक होता.

"आणि तो स्पीकर बंद कर आधी," सर म्हणाले. "सकाळपासून कुणीतरी त्यात श्वास घेतंय."

पलंगाच्या वर भिंतीत एक छोटा स्पीकर होता. डॉक्टरांना बोलावण्यासाठी प्रत्येक खोलीत असतो तसा.

ढमीने कान दिला. काही नव्हतं.

"बंदच आहे, सर."

"मला ऐकू येतंय ना!"

"सांगते कुणाला तरी," म्हणून ती बाहेर पडली. खोटं कशाला सांगू, त्यांची चिडचिड बघून तिला जरा बरंही वाटलं होतं.

टेबलापाशी मोठ्या सिस्टर औषधं लावत होत्या. व्हरांड्यात नातेवाइकांची ये-जा, कुणाचं तरी पोर पळतंय, कुणी फळं कापतंय. सगळं रोजचं.

तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यातल्या खोलीकडे गेलं.

दारावरचा लाल दिवा लागला होता...

पेशंटने बटण दाबलं की दिवा लागतो आणि टेबलावर घंटा वाजते. दिवा लागला होता. विझत होता, पुन्हा लागत होता. कुणीतरी बटण दाबून दाबून हैराण झाल्यासारखा.

घंटा वाजत नव्हती.

"सिस्टर, कोपऱ्यातला दिवा..."

"कुठे?" मोठ्या सिस्टरांनी त्या दाराकडेच पाहिलं. "नाहीये गं. पण थांब, मी तशीही जातेच आहे, पाणी द्यायचंय त्यांना."

ढमी मागोमाग गेली. दाराच्या काचेतून आत पाहिलं.

आणि तिचे पाय जमिनीला खिळले.

सर पलंगावर अर्धवट उठून बसले होते. दोन्ही हात स्वतःच्या गळ्याशी. डोळे बाहेर आलेले. तोंड सताड उघडं. ते ओरडत होते.

मोठ्या सिस्टर त्यांच्या शेजारी उभ्या राहून शांतपणे ग्लासात पाणी ओतत होत्या.

"काही हवंय का, सर?" त्यांनी विचारलं. क्षणभर थांबल्या. "नको? बरं. पडा निवांत."

त्या बाहेर आल्या. "झोपतायत. काही तक्रार नाही."

ढमी आत धावली.

आत पाऊल टाकताच तिला सरांचा आवाज ऐकू आला. फाटका. "गळा... कुणाचा तरी हात... सांग त्यांना... सांग!"

बोटाला लावलेलं यंत्र सांगत होतं, ऑक्सिजन उत्तम. समोर सरांचे ओठ निळे पडत होते.

मग स्पीकरमधून खरखर झाली...

एक श्वास. लांब, ओढलेला, शिट्टीसारखा.

आणि मग तो आवाज. सगळं शहर ओळखायचं तो. गोड, खणखणीत.

"पोरी. तू बाजूला हो."

ढमी सांगते, तिला भीती नंतर वाटली. आधी राग आला. सरांचा. तो चौकशीचा दिवस, त्यांची ती कोरी नजर, "कधी तक्रारच केली नाही" हे वाक्य, सगळं घशाशी आलं. नुसतं मागे सरायचं होतं. कुणी बोट दाखवलं नसतं. यंत्र सांगत होतं, सगळं उत्तम आहे.

ती खरंच एक पाऊल मागे सरली.

सरांनी ते पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बाई," ढमी स्पीकरकडे बघून म्हणाली, "तुमचं मी ऐकलं होतं. आज यांचं ऐकू येतंय, तर यांचंही ऐकणार. हे माझे पेशंट आहेत."

स्पीकरमध्ये कुणीतरी हसलं. मोकळं नाही. दात आवळून.

ढमीने भिंतीवरचा ऑक्सिजन सुरू केला, मास्क सरांच्या तोंडावर दाबला. मास्क कुणीतरी ओढत होतं. ती दोन्ही हातांनी धरून होती आणि गळा फाडून ओरडत होती. मोठ्या सिस्टर आल्या, ड्युटीवरचा तरुण डॉक्टर आला.

"काय चाललंय? पेशंट झोपलाय. मास्क कशाला?"

"छातीला कान लावा," ढमी म्हणाली. "माझं खोटं निघालं तर मला आज काढून टाका. पण कान लावा!"

त्याने वैतागून स्टेथोस्कोप सरांच्या छातीवर टेकवला.

आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला...

ते त्याने पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. छातीत ठोके नव्हते. छातीत एक बाई बोलत होती. म्हणत होती, प्रवाशांनी लक्ष द्यावे, गाडी सुटत आहे.

त्याने नळ्या कानांतून ओढून काढल्या. आणि त्याच क्षणी सगळ्यांना दिसलं. निळे ओठ. फुगलेली मान. बोटावरचं यंत्र किंचाळायला लागलं, टेबलावरची घंटा वाजायला लागली. धावपळ झाली. घशात नळी घातली.

सर वाचले.

नळी निघाली, पण आवाज फुटला नाही. घसा तपासला, मान तपासली, डोकं तपासलं. कुठे काही नाही. ते कागदावर लिहून द्यायचे, 'गळ्याशी हात आहे.' त्यांचेच मित्र डॉक्टर वाचायचे, खांद्यावर थोपटायचे आणि म्हणायचे, "रिपोर्ट अगदी नॉर्मल आहेत. मनाचे खेळ आहेत सगळे."

ते घरी गेले. ढमीने सुटकेचा श्वास सोडला.

साधारण दोन महिन्यांनी तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन आला. सरांच्या बायकोचा. मी तेव्हा ढमीच्या घरीच होतो. मावशी, ढमी आणि मी, वाटाणे सोलत बसलो होतो.

"सिस्टर, हे सारखं तुमचंच नाव लिहून दाखवतात," ती म्हणाली. मला शेजारी बसून तिचं स्पष्ट ऐकू येत होतं. "म्हणतात, फक्त तुम्हाला ऐकू येतं. मला तर नुसते ओठ हलताना दिसतात. त्यांच्या समाधानासाठी दोन मिनिटं फोन त्यांच्या तोंडाशी धरू का?"

ढमीने फोन कानाला लावून ठेवला. मी तिच्याकडे पाहत होतो.

बराच वेळ ती ऐकत होती. तिचा चेहरा उतरत गेला. मला तिकडून काहीही ऐकू येत नव्हतं. नुसती शांतता.

मग ती एकदम दचकली. जणू बोलणारं माणूस बदललं होतं...

"हो," ती हळूच म्हणाली.

आणि तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कळलं, सर त्याच दुपारी गेले. त्यांची बायको सगळ्यांना सांगत होती, "अगदी शांत गेले. शेवटपर्यंत काही त्रास नाही झाला."

मी ढमीला खूपदा विचारलंय. सर काय म्हणाले? नंतर कोण बोललं? तू हो कशाला म्हणालीस? ती उत्तर देत नाही. दवाखान्यात तिच्याइतकी मायाळू नर्स नाही म्हणतात. पेशंट तिचं नाव घेऊन हाका मारतात. मला तर ती मावसबहीण नाही, सख्खी बहीणच आहे. तरी हल्ली तिच्यासमोर एकटं बसायला मला नको वाटतं.

एकदाच, फार खनपटीला बसलो, तेव्हा बोलली.

"मी त्या दिवशी ड्युटीवर नव्हते रे."