पहिल्या तासाची अंडी

रडायला तिला एकच रिकामी जागा दिसली – प्रयोगशाळेमागचं माश्यांचं स्वयंपाकघर. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट... आंबूस वाफेने काचा धुरकटल्या होत्या. त्या वाफेतूनच आवाज आला.

"पातेल्यापासून जरा लांब हं. माझ्या माश्या अळणी खातात."

प्रयोगांसाठी पाळलेल्या फळमाश्यांचं खाणं शिजवणारा तो. सगळे त्याला आचारीच म्हणत. तिने घाईघाईने डोळे पुसले.

"तुम्ही ढवळण्याकडे लक्ष द्या."

"तेच तर जमत नाहीये..."

तिला हसू आलं. मग तिने सगळं सांगूनच टाकलं. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते. माशीच्या कोवळ्या गर्भात ती असंख्य जागांवर एकदम सुरू होते – नुसती धांदल. दोनेक तासांनी मात्र मोजक्याच जागा, त्याही आपापल्या पाळीने. हा बदल तिला दाखवायचा होता. पण तिच्या तासाभराच्या अंड्यांत मोठे गर्भही निघत. शनिवारपर्यंत जमलं नाही, तर सर विषय बंद करणार होते. तिच्या संशोधनाची तीन वर्षं पाण्यात.

"अंडी कधीची घेता?"

"सकाळी माश्यांपुढे अंडी घालायची ताटली ठेवली की पहिल्या तासाची. अगदी ताजी."

"ताजी?" त्याने हसू दाबलं. "मनासारखी जागा नसली की माशी अंडं पोटातच धरून ठेवते, मॅडम. नवी ताटली दिसली की आधी तेच घालते. पहिला तास टाकून द्या."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ताटल्या मीच धुतो ना. पहिल्या ताटलीत अळ्या नेहमी लवकर दिसतात."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी थांबलाच नाहीत. मी इथे आल्यापासून आठ महिने..."

"मोजलेत?"

तो पुन्हा ढवळू लागला. जरा जास्तच जोरात.

पुढचे तीन दिवस दुसऱ्या ताटलीवरची अंडी दोघांनी मिळून कुंचल्याने उचलली. बोटाला बोट लागलं, की दोघंही एकदम "सॉरी" म्हणत – आणि बोट कुणीच मागे घेत नसे.

शनिवारी सरांनी गर्भांची सूक्ष्मदर्शकातली चित्रं बराच वेळ न्याहाळली. नक्कल सुरू झालेल्या जागांचे कोवळ्या गर्भात ठिपकेच ठिपके, मोठ्यात थोडेच. "चालू ठेव," एवढंच म्हणाले. ती धावत स्वयंपाकघरात आली.

"जमलं! तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले! मला काय दिसतं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही ऐकून घेतलंत."

"मी रोज विचारीन." मान वर न करता ती म्हणाली, "उद्या... आमच्या घरी याल? आईला म्हटलंय, एकाला भेटवायचंय."

"कोण म्हणून?"

"ते तिने ओळखलंय. तुम्हीच राहिलात."

करपल्याचा वास दोघांना फार उशिरा आला. त्याने पातेलं घासून आधण पुन्हा ठेवलं; पीठ तिने चाळलं.