दाजींचा मुहूर्ताचा चुना

"माझ्या कोटाक ह्यां काय लागलां?"

वाचनालयाचे अध्यक्ष दाजी उद्घाटनाच्या भाषणाची तालीम करताना नव्या भिंतीला टेकले होते. काळ्या कोटाची पाठ पांढरीफटक झाली होती. दाजींनी बोट फिरवलं, तर भिंत बोटाला आली.

"चुनो खोटो! ह्यापुढे काशीरामाकडसून चिमूटभर घेवचो नाय. चुनो कोल्हापुरातसून येतलो."

सत्यवतीनं हातातला झाडू खाली ठेवला. काशीराम म्हणजे तिचे बाबा. खाडीकाठी शिंपले भाजून ते चुना करत, आणि दाजी जिथून चुना घेत, तिथूनच सारा गाव घेई.

सुट्टीला मुंबईहून आलेला तिचा मामेभाऊ बाबली म्हणाला, "चुना उघडा राहिला तर हवा लागून त्याचा खडू होतो. मग भिंतीला धरत नाही. खडूवर आम्ल टाकलं की फसफसतं, चांगल्या चुन्यावर नाही. आम्हाला वर्गात दाखवलंय."

"मगे टाक आम्ल," सत्यवती म्हणाली.

"ते शाळेत आहे."

"आणि शाळा?"

"दादरला."

"शाणो आसस. आमच्या कोकमाचां आगळ काय गोड आसता?"

वाटीभर आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, घेऊन दोघं वाचनालयाच्या कोठीत शिरली. उरलेल्या पोत्यांची तोंडं फाडलेली, वर वाळलेलं कुंकू. सत्यवतीनं वरच्या चुन्यावर थेंब टाकला. तो फसफसला.

"खडू," बाबली हळूच म्हणाला.

सत्यवतीला रडू येणार होतं. त्याऐवजी तिनं करवंटी उचलली आणि पोतं खोल खणलं. आतल्या चुन्यावर आगळ काळंनिळं पडलं, पण बुडबुडा एकही नाही.

ती दाजींना घेऊन आली. "दाजी, पोत्यांची तोंडां कोणी फाडली?"

"मीच. दसऱ्याचो मुहूर्त होतो. कुंकू लावलां, नारळ फोडलो."

"आणि काम कधी सुरू झालां?"

"गवंडी मिळाले ते वैशाखात."

सत्यवतीनं वाटी पुढे केली. "थेंब तुम्हीच टाका. आधी वर, मगे आत."

वर फसफसलं. आत शांत. दाजींनी पुन्हा टाकून पाहिलं. चुन्याला अध्यक्षपदाची भीड नव्हती.

"आतला चुना अजून चांगला आहे," बाबली म्हणाला. "म्हणजे दिला तेव्हा सगळाच चांगला होता. वरचा सहा-सात महिने उघडा पडून बिघडला."

दाजींनी पोत्यावरच्या कुंकवावर बोट फिरवलं.

"चेडवा, हुशार आसस गो. तूय रे," ते म्हणाले. "भाषणात सांगतंय, चुनो बरो होतो, घाई माझी होती. बापाशीक सांग, भट्टी पेटव."

"कधी?"

दाजींचा हात सवयीनं खिशातल्या पंचांगाकडे गेला, आणि अर्ध्यावरून परत आला.

"गवंडी इले की."